उचल, खाडा आणि गालातली जखम

दरवर्षी ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनाच्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं : खेड्यातले लोक अज्ञानामुळे उशिरा येतात. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे आणि हे वाक्य मला पटत नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला तंबाखूने काय होतं ते पुरतं ठाऊक असतं. पुडीवर चित्रच छापलेलं असतं. (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि माझ्या दारासमोरच्या टपरीवर मिळतो, ते सोडा.)

दोन पेशंट सांगते. एक ऊसतोड करणारे मामा, पंचेचाळिशीचे. पोळ्याच्या सुमारास आले. डाव्या गालात आतून जखम, महिना उलटला तरी न भरलेली, कडा हाताला कडक लागणाऱ्या. तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत, त्यांची दोन जाईनात. मेडिकलवाल्याने ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि लावायचं जेल दिलेलं. मी म्हटलं, तुकडा काढून तपासायला पाठवू. मामांनी शांतपणे हिशेब मांडला. नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली, ती पोरीच्या लग्नाचं देणं फेडण्यात संपलेली. दसरा झाला की ट्रॅक्टर येणार. गेलं नाही तर उचल अंगावर, जाऊन एक दिवस बसून राहिलं तर खाडा. “ताई, आत्ता कळून तरी काय करू? कारखान्याचा पट्टा पडू द्या, मग बघू.” एप्रिलमध्ये आले तेव्हा गालाला बाहेरून भोक पडलं होतं आणि मानेत गाठ होती.

दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. जखम गालातच, साधारण तशीच. तंबाखूही तीच. पण पगारी रजा, वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती आणि पुण्यात राहणारा मेहुणा एवढं गाठीशी होतं. महिन्याच्या आत ऑपरेशन झालं. आज वर्गावर आहेत. बोलणं जरा बोबडं झालंय, पोरं नक्कल करतात अशी माझ्याकडे तक्रार करतात.

गुरुजींना या आजाराची मामांपेक्षा जास्त माहिती होती असं मला तरी दिसलं नाही. तुकडा काढायचं म्हटल्यावर दोघांनीही एकच विचारलं होतं, “हात लावला तर पसरणार नाही ना?”

२०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. गणित वाचकांनी करावं.

आता कुणी म्हणेल, उपचार तर फुकट आहेत. आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी योजना आहे आणि तिच्यामुळे जमीन विकायची वेळ टळलेली घरं मी पाहिली आहेत. तिला नावं ठेवणार नाही. पण तिचं दार उघडतं ते निदानाचा कागद हातात आल्यावर. त्याआधीची तुकड्याची तपासणी, स्कॅन, जिल्ह्याच्या फेऱ्या, रेशन कार्डावर ‘बाई’ आणि आधारावर नुसतंच नाव म्हणून परत पाठवणं, हे सगळं पेशंटच्या खिशातून आणि रोजातून जातं. माझ्या पेशंटचे सगळ्यात जास्त आठवडे तिथेच वाया जातात.

पुढे किरणोपचार लागला तर सोमवार ते शुक्रवार रोज, असे सहा-सात आठवडे मशीन असेल त्या गावी मुक्काम. सोबत एक माणूस हवाच, म्हणजे बुडालेले रोज दोघांचे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत म्हणून कितीतरी जणांचं निभतं, तरी परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं काही हटत नाहीत. कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेचा स्लीपर डबा फुकट असतो. आमच्या तालुक्याला रेल्वेच नाही.

याच जिल्ह्यात कर्करोगाच्या नावाने आणखी एक गोष्ट घडली. ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या गेल्या, २०१९ मध्ये त्यावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगून ऑपरेशनला तयार केल्याचं त्यातल्या अनेकींनी सांगितलं. त्यांची कर्करोगाची साधी तपासणी कधी झाली होती का, याचं उत्तर द्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही. भीती दाखवली की ऑपरेशनला बाई उसनवारी करून पैसे आणते. तपासणीत तेवढी कमाई नाही.

आणि तपासणी खेड्यात जमत नाही म्हणावं, तर ते जमतं हे जगाला दाखवलं आमच्या शेजारच्या जिल्ह्याने. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी त्याचे दाखले दिले. आपल्याकडे त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशभरात शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

म्हणून मला जनजागृतीच्या रथांचा कंटाळा आलाय. क्षयाच्या पेशंटला सरकार २०१८ पासून दरमहा पोषणाचे पैसे थेट खात्यात देतं. आधी पाचशे होते, आता हजार झालेत. म्हणजे आजारी गरिबाला नुसतं औषध देऊन भागत नाही, हे सरकारला कळतं. मग कर्करोगाच्या पेशंटला आणि त्याच्या सोबत्याला उपचार चालू असेपर्यंत बुडालेला रोज का मिळू नये? तुकडा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच काढता येतो, दंतवैद्याची जागा भरली तर. तो पुढे पाठवायला फॉर्मेलीनची बाटली आणि एसटीचं पार्सल पुरतं. माझ्याकडचे नमुने असेच जातात. या तपासणीचा खर्च निदानाआधीच योजनेत धरा.

उरली उचल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं महामंडळ आहे. निदान झालेल्या मजुराची त्या हंगामाची उचल महामंडळाने अंगावर घ्यावी, म्हणजे मुकादम दारात येणार नाही. आणि तोंडाची, स्तनाची, गर्भाशयमुखाची तपासणी पोळा ते दसरा या दिवसांत व्हावी, सगळे गावात असतात तेव्हा. फेब्रुवारीतल्या शिबिरांना आमच्या तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी सापडतात. कोणाच्या घरातून कोण जाणार, याची यादी प्रत्येक मुकादमाच्या वहीत सप्टेंबरपर्यंत तयार असते. आरोग्य खात्याने ती मागून घ्यावी.