पाचव्या प्रयत्नाची सोय

३० मे २०२४ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून ‘अग्निबाण’ नावाचे छोटे रॉकेट चाचणीसाठी उडाले. ते कक्षेत जाणार नव्हते, पण त्याचे इंजिन नवलाचे होते. सुटे भाग न जोडता थ्रीडी प्रिंटरवर एकसंध छापलेले! इंधन विमानात वापरतात तसले रॉकेल, आणि ते जाळायला अतिथंड द्रवरूप ऑक्सिजन. हे रॉकेट चेन्नईच्या ‘अग्निकुल कॉसमॉस’ या खासगी कंपनीचे. छोट्या उपग्रहांना मोठ्या रॉकेटवर जागा मिळण्याची वाट पाहावी लागते. ती लागू नये, म्हणून मागणीप्रमाणे छोटे रॉकेट सोडायचे, हा तिचा व्यवसाय.

२०१७ साली श्रीनाथ रविचंद्रन आणि मोईन एस. पी. एम. यांनी आयआयटी मद्रासचे प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती यांच्या साथीने ही कंपनी काढली. ‘मोईन’ हे नाव दिसताच आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरणार, हे ठरलेलेच. आनंद जरूर व्हावा. पण नुसत्या नावाच्या अभिमानाने आपली एकही मुलगी किंवा मुलगा प्रयोगशाळेत पोहोचत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हे उड्डाण त्याआधी चार वेळा थांबवावे लागले होते. पाचव्यांदा ते झाले.

कलामसाहेबांचेही तेच. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांच्या नेतृत्वाखालचे एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० च्या उड्डाणाला यश आले. कलामसाहेबांची भाषणे आपण मुलांना ऐकवतो. त्यांना मिळालेली ही दुसरी संधी मात्र सांगत नाही.

आपल्या मोहल्ल्यात अशी संधी किती जणांना मिळते? बारावीला गणितात गुण कमी पडले की मुलगा गॅरेजवर जातो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. गॅरेजचे काम कमी प्रतीचे मुळीच नाही, रॉकेटलाही कुशल हात लागतातच. पण तो रस्ता मुलाने स्वतः निवडलेला असावा, नाइलाजाने धरलेला नसावा.

यात सरकारचा वाटा मोठा आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. ती परत मागणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे आणि तो लेखी, सनदशीर मार्गाने, पुन्हा पुन्हा मागितला पाहिजे. पण आपल्या हातातले काय? लग्नाच्या जेवणावळींवर उडणाऱ्या पैशांतून एखाद्या मुलीचे परीक्षेचे आणखी एक वर्ष निभावू शकते. जमातीच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालू शकते.

यंदा तुमच्या गल्लीत कोणी नापास झाले असेल, तर त्यांच्या घरी जा. आई-वडिलांशी बोला. ‘अजून एक वर्ष द्या, फीचे आम्ही बघतो,’ एवढे सांगून या. आणि मग ती फी खरोखर भरा.