एक नुक्ता झिजला तर

मनमाड–औरंगाबाद रेल्वे सुरू होण्याआधी वेरूळला जाणारे पाहुणे आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरत आणि पुढे टांग्याने जात. आज आम्ही त्याच बाजूच्या, पण कमी लोक जातात अशा जागेविषयी लिहीत आहोत. शेजारच्या कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजारांहून अधिक वर्षांची. तिथला खडक ठिसूळ. दर्शनी भाग कोसळला, खांब तुटले, अक्षरे झिजली.

ती अक्षरे ब्राह्मी लिपीतली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ही लिपी उलगडेपर्यंत ती वाचणारे कोणी उरले नव्हते. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख छापले. पितळखोऱ्याला दान देणारे कोण निघाले? पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या घराण्यातला मित्रदेव, राजवैद्य मगिल आणि त्याची मुले. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातले अत्तरवाले आणि हकीमच म्हणा!

असे लेख वाचण्याची रीत सोपी, पण सबुरीची. दगड साफ करून त्यावर ओला कागद ब्रशने ठोकून बसवतात, वरून शाई लावतात. खोल अक्षरे पांढरी उठतात. शंकेचे अक्षर चौकटी कंसात लिहितात, गेलेल्या अक्षराच्या जागी ठिपके देतात. अंदाज मजकुरात मिसळत नाहीत.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावर चार खंड काढले आणि अरबी-फारसी शिलालेखांच्या नियतकालिकाचे संपादनही केले. बौद्ध लेणे असो वा मशीद, दोन्हीकडची अक्षरे त्यांनी सारख्याच आस्थेने जपली.

आता आपल्या घरचे पाहू. जुन्या मशिदी, दर्गाह, कब्रींवरच्या फारसी लेखांत हिजरी साल काही वेळा आकड्यांत नसते. शेरातल्या अक्षरांच्या अबजद किमतींची बेरीज करून ते काढावे लागते. बे म्हणजे २, नून ५०, ते ४००. शब्दाच्या मध्ये या तिघांचा आकार एकच; फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ते झिजले आणि बेच्या जागी ते वाचला, की ३९८ वर्षे चुकली!

त्यात रमजानपूर्वी रंगकाम निघाले की दगडावरही ऑइलपेंट फिरतो. कोणी पुसट अक्षरे अंदाजाने गिरवतो. नियत नेक असते. पण पुढच्या पिढीला मग दगडावरचे अक्षर दिसत नाही, रंगवणाऱ्याचा अंदाज दिसतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, रंगकामाआधी एवढे करा. असरनंतरच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर फोटो घ्या. अंधारी जागा असेल तर बॅटरी बाजूने धरा. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू लावू नका. बुजुर्गांना सोबत घ्या, वाचता येईल तेवढे वहीत उतरवा आणि उरलेल्या जागी ठिपके द्या. ते ठिपके पाहून पुढचा जाणकार पुन्हा दगडाकडे जाईल.