टंगस्टन महागलं, बारामती-इंदापूरच्या लेथवर काय बदलायचं?

बारामती एमआयडीसी असो की इंदापूरची लोणी देवकर, सीएनसी लेथवर जॉबवर्क करणाऱ्याला सध्या एक खर्च टोचतोय: कार्बाइड इन्सर्ट. त्याचं मूळ चीनमध्ये आहे. इन्सर्टमध्ये मुख्य माल टंगस्टन कार्बाइड, आणि जगातलं सुमारे 80 टक्के टंगस्टन चीनमधून येतं. 4 फेब्रुवारी 2025 रोजी चीनने टंगस्टनच्या अनेक उत्पादनांना निर्यात परवाना सक्तीचा केला. वर्षअखेरपर्यंत कच्च्या मालाचा भाव दुपटीच्या वर गेला. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचे साठे आहेत, पण त्याने उद्याचा इन्सर्ट स्वस्त होणार नाही.

मग हातात काय आहे? माझ्या मते, पहिल्यांदा स्पीड तपासा. धार झिजते ती मुख्यतः उष्णतेने, आणि उष्णता सगळ्यात जास्त वाढते कटिंग स्पीडमुळे. फीड आणि कटची खोली त्यानंतर.

एफ. डब्ल्यू. टेलर यांचं शंभरेक वर्षांपूर्वीचं सूत्र आजही चालतं. कार्बाइडसाठी त्यातला घातांक 0.25 धरू. समजा, मिनिटाला 200 मीटर स्पीडला एक कॉर्नर 15 मिनिटं टिकतो आणि जॉबला एक मिनिट कट लागतो. म्हणजे 15 जॉब. स्पीड 180 केला तर कॉर्नर जवळपास 23 मिनिटं टिकेल. जॉबला सात सेकंद जास्त लागतील, पण जॉब निघतील 20.

आता पैसे बघा. मशीनचा तासाचा खर्च 400 रुपये धरला तर ते सात सेकंद साधारण 75 पैशांना पडतात. चार कॉर्नरचा इन्सर्ट 200 रुपयांना असताना जॉबमागे 83 पैसे वाचायचे, म्हणजे हातात काहीच उरत नव्हतं. तोच 300 ला गेला की सव्वा रुपया वाचतो. जुन्या भावाला बरोबर असलेला स्पीड नव्या भावाला महाग पडतो, तो असा. तुमचे आकडे टाकून हिशेब करा. मशीनचा तास महाग असेल तर उत्तर उलटंही येईल.

दुसरं, कूलंट. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वरून पुन्हा क्षाराचं बोअरचं पाणी ओतलं की कूलंट फाटतं आणि धारेला संरक्षण उरत नाही. शक्यतो आरओचं पाणी वापरा, तेल पाण्यात ओता (पाणी तेलात नको), आणि रोज रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण बघा.

तिसरं, कॉर्नर मोडेपर्यंत चालवणं ही काटकसर नव्हे. मोडताना तो जॉब घालवतो, कधी होल्डरची सीटही. धारेखालची झीज 0.3 मिलिमीटरच्या आसपास आली की बदला. त्यासाठी आठवडाभर मशीनला एक कागद लावा आणि प्रत्येक कॉर्नरवर किती जॉब निघाले ते ऑपरेटरला लिहायला सांगा. त्या आकड्यावरून बदलायची वेळ ठरवा. वापरलेले इन्सर्टही भंगाराच्या ढिगात टाकू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. त्या कार्बाइडलाही आता भाव आहे.