मुलास गप्प बसविण्यापूर्वी

आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या घरात शहाणे पोर कोणास म्हणतात? जे गप्प बसते त्यास. पाहुण्यांपुढे बोलले नाही, ताटात पडेल ते खाल्ले, मार बसला तरी हूं की चूं केले नाही, की "पोर गुणाचं हो," असे शेजारीण तोंडभरून सांगते. जे पोर रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, शाळेच्या वेळेसच पोट दुखते म्हणते, ते द्वाड ठरते. त्यावर आपणापाशी औषधे तयार असतात : बापाची चापट, आजीचा बागुलबुवा, भगताचा अंगारा, आणि हल्ली मोबाईल. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरास अफूची बाळागोळी देऊन निजवीत. त्या माउल्यांचा नाइलाज होता. मागे पोर सांभाळावयास कोणी नसे. आज पोराच्या हाती मोबाईल देऊन स्वयंपाक उरकणाऱ्या आईचाही नाइलाजच आहे. पण पोर गप्प झाले म्हणजे त्याचे दुखणे गेले असे नव्हे.

मी शिरगावचा रहिवासी, आणि वीस वर्षे लहान मुलांस शिकवीत आलो आहे. तेव्हा दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी माझाच दोष सांगतो. पहिलीतला एक मुलगा होता. बाप अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. हा मुलगा पावसाळ्यात रोज वर्गातच चड्डी ओली करू लागला. मी त्यास दोनदा सर्वांदेखत उभे केले व एकदा पट्टीही मारली. (शाळेत मुलास मारणे व त्याचा पाणउतारा करणे २००९ च्या कायद्याने बंद झाले आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही हात उचलला.) मग त्याची आजी आली. ती भांडली नाही. नातवाला पोटाशी धरून तिने विचारले, "बाला, मुतायला का रं जात नाय?" पोर म्हणाले, "दार घट बसतं. मंग उघडत नाय." पावसाने फुगलेल्या दारामागे तो एकदा अडकला होता, आणि पुन्हा आत जाण्यास भीत होता. अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण पडले होते. पण हा प्रश्न सुचला तो अंगठा उठविणाऱ्या म्हातारीस.

दाराची गोष्ट लहान. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बदलापुरात काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार देण्यास गेलेल्या मायबापांस पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, आणि पुढे उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. लोकांस रेल रोको आठवतो. मला त्याच्या आधीचे आठवते. एक चिमुरडी घरात बोलली, आणि घरच्यांनी "गप्प, काहीतरीच बोलतेस," असे म्हटले नाही. आपल्यापैकी किती घरांत तिचे ऐकले गेले असते?

कोणी म्हणेल, गुरुजी, धाक नसला तर पोर डोक्यावर बसेल. दुकानापुढे गोळीसाठी लोळण घेणाऱ्या पोरास खुशाल लोळू द्यावे. माझे काही म्हणणे नाही. पण नीट निजणारे पोर एकाएकी अंथरूण ओले करू लागले, आनंदाने शाळेत जाणारे उंबऱ्यावर अडून बसले, एखाद्या माणसाजवळ जाण्यास नको म्हणू लागले, तर तो हट्ट समजू नये. त्यास "जा, काकांच्या मांडीवर बस," म्हणून ढकलू तर मुळीच नये. मुलास त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. विचारावे ते एकटे असता, न्हाऊ घालताना किंवा शेंगा सोलताना, आवाज न चढविता. मुलगा असो की मुलगी. आज नाही बोलले तर उद्या पुन्हा. आणि काही वाईट कळलेच, तर घराण्याच्या अब्रूची बैठक भरवीत बसू नये. २०१२ चा पॉक्सो कायदा लेकरांसाठीच आहे, पोलिसांस तक्रार घ्यावीच लागते, आणि १०९८ ला फोन करावयास पैसा पडत नाही. भगताच्या कोंबड्याला पडतो.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले व पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. आता आपली पोरे शाळेत जातात. पण एखादे जाऊ नये म्हणते तेव्हा "का रे बाबा?" एवढे न विचारणाऱ्या बापास, आणि गुरुजीस, दंड करणारा कोणी नाही.

त्या शौचकूपाचे दार एका पालकाने, जो जातीचा सुतार, रंधा घेऊन येऊन तासून दिले. पैसे घेतले नाहीत. काम पाव तासाचे होते.