माळ्यावरचे दोन व्हॅक्यूम क्लीनर

नाशिकला आमच्या घरी माळ्यावर दोन व्हॅक्यूम क्लीनर आहेत. एक बाबांनी १९८८ साली घेतलेला आणि दुसरा मी गेल्या दिवाळीत टोकियोहून नेलेला. दोन्ही चांगले, दोन्ही महागाचे. आज दोन्ही जुन्या गाद्या आणि पितळी घंगाळाच्या शेजारी गप्प पडून आहेत. माझा तिथं कसा पोचला हे सांगायचं, तर थोडं जपानबद्दल बोलावं लागेल आणि थोडं आपल्याबद्दल.

मला जपानात येऊन चौदा वर्षं झाली. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. इथं आपली माणसं इतकी आहेत की दुकानात पोहे आणि तूरडाळ शोधावी लागत नाही. मिळत नाही ती फक्त कामाला येणारी बाई. तुम्ही बँकेत मॅनेजर असा नाहीतर विद्यापीठात प्रोफेसर, आपल्या घरचा केर आपणच काढायचा. माझी लेक शाळेत रोज वर्ग झाडते, पुसते. सगळीच मुलं करतात, तो शाळेचाच भाग आहे. वर्षअखेरीला 'ओसोजी' म्हणजे मोठी साफसफाई असते. आपल्या दिवाळीआधीच्या साफसफाईसारखीच, फक्त स्टुलावर चढून पंखे पुसायला घरातले साहेबही असतात.

त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनर हा इथं गप्पांचा विषय होतो. कोणाचा हलका, कोणाचा आवाज कमी, कोणाला पिशवी लागते, यावर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चर्चा झडते. अशाच एका चर्चेत एका वयस्कर सहकाऱ्यांनी मला विचारलं, "डायसन पहिल्यांदा कुठं चाललं, माहीत आहे का?" मी म्हटलं, "इंग्लंडमध्ये." ते हसले. म्हणाले, "नाही, इथं. आमच्याकडे."

मग मी ती गोष्ट खणून वाचली. जेम्स डायसन हा इंग्रज गृहस्थ १९७८च्या सुमारास आपल्या घरच्या व्हॅक्यूम क्लीनरवर वैतागला होता. पिशवीच्या कापडाची किंवा कागदाची बारीक छिद्रं धुळीनं बुजतात आणि मशीनची ओढ कमी होते. लाकूड कापायच्या गिरणीत त्यानं हवा शंकूत गरगर फिरवून भुसा वेगळा करणारं यंत्र पाहिलं होतं. घुसळताना ताक गरगर फिरतं आणि कडेला फेकलं जातं, तसंच काहीसं. तेच छोटं करून घरात आणायचं त्यानं ठरवलं. पाच वर्षं लागली आणि ५,१२७ नमुने झाले. सुधामूर्तीसारखा पगार तेव्हा घरी त्याची बायको आणत होती, ती चित्रकला शिकवायची.

एवढं करून तो युरोपातल्या मोठमोठ्या कंपन्यांकडे गेला, तर सगळ्यांनी नाही म्हटलं. डायसनचं म्हणणं असं, की पिशव्या विकून ज्यांचं पोट भरतं, त्यांना बिनपिशवीचं मशीन कशाला हवं असेल? आपल्याकडे म्हणतात ना, पिकतं तिथं विकत नाही.

होकार आला तो जपानमधून. एपेक्स नावाच्या कंपनीनं परवाना घेतला आणि १९८६ साली 'जी-फोर्स' बाजारात आणला. रंग चक्क गुलाबी आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास! तेव्हा जपानमध्ये पैशाचा पूर आलेला होता. लोकांनी तो कौतुकानं घेतला, दिवाणखान्यात मिरवला. १९९१ साली त्याला इथल्या डिझाइन प्रदर्शनात बक्षीस मिळालं. जपानी परवान्याच्या पैशाचा आधार मिळाल्यावर डायसननं मायदेशी स्वतःची कंपनी उभी केली आणि १९९३ मध्ये 'डीसी ०१' हे स्वतःच्या नावाचं पहिलं मशीन काढलं.

या मशीनची मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं पारदर्शक भांडं. बाजाराचा अभ्यास करणारे आणि दुकानदार म्हणत होते, लोकांना स्वतःच्या घरची घाण बघायला आवडणार नाही, ती झाका. डायसननं ऐकलं नाही. आणि झालं उलटंच. आपल्या स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यातून एवढी माती निघते हे डोळ्यांनी पाहिल्यावर लोकांना मशीनवर विश्वास बसला.

हे वाचताना मला आमच्या नाशिकच्या हॉलमधली एक संध्याकाळ आठवली. १९८२ साली टाटा समूहातली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली. पुढं टाय लावलेले, हातात जड बॅग घेतलेले विक्रेते हे आमच्या लहानपणाचं एक ठरलेलं दृश्यच झालं. असाच एक मुलगा आमच्याकडे आला. आईनं त्याला आधी पाणी दिलं, मग चहा. त्यानं आमच्या गादीवर मशीन फिरवलं आणि पांढऱ्या फडक्यावर निघालेली धूळ आईपुढं धरली. आई ओशाळली. रोज चादर झटकणारी बाई ती! बाबांनी हप्त्यावर मशीन घेतलं.

म्हणजे बघा, ते पारदर्शक भांडं काय करतं? त्या टायवाल्या मुलाचंच काम. फरक इतकाच की तो मुलगा एकदा धूळ दाखवून निघून गेला आणि हे भांडं रोज दाखवतं. विक्रेता मशीनच्या पोटातच बसवलेला! याला मी हुशारी म्हणेन. मात्र आपण विकत काय घेतो, ओढ की ओशाळलेपण, हे ज्याचं त्यानं तपासावं.

बाबांचं मशीन चालत उत्तम होतं. पण आमच्याकडे ना गालिचा, ना भिंतभर पडदे. मोझॅकची फरशी. केर काढून ओलं फडकं मारल्याशिवाय आईला घर स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं नाही. दोन-तीन दिवाळ्या सोफा आणि गाद्या साफ झाल्या आणि मग ते माळ्यावर गेलं.

आता जपानकडे परत येते. डायसन स्वतःच्या नावानं इथं आलं, तेव्हा त्याच्या मोठ्या मशीनपुढं अडचण होती इथल्या घरांची. खोल्या लहान, कपाटं अरुंद, भिंतीपलीकडं शेजारी. मग २००४ मध्ये कंपनीनं 'डीसी १२' हे आटोपशीर मशीन खास जपानी घरांसाठी काढलं, नव्या डिजिटल मोटरसह. टीव्हीवर जाहिरातही साधी: ओढ कधी कमी न होणारा हा एकच. पुढं बिनवायरच्या मशीनचा जमाना आला. २०१८ साली तर डायसननं वायरवाल्या मशीनवर नवं काम करणं थांबवत असल्याचंच सांगितलं. वजन घटत घटत दीड किलोवर आलं.

पण जपानी ग्राहक नावावर भाळून थांबत नाही. माझ्या शेजारीण काकू माकिता वापरतात. ही आइची प्रांतातली सुतार-मिस्त्र्यांची हत्यारं बनवणारी कंपनी. तिचा साधासा, हलका क्लीनर घराघरांत शिरला. आणि रात्री दहानंतर, जेव्हा मशीन लावणं म्हणजे शेजारधर्म सोडणं, तेव्हा बाहेर निघतो काओ कंपनीचा 'क्विकल वायपर'. लांब दांडी, खाली कागदी फडकं, आवाज शून्य. १९९४ पासून आहे. ज्या देशात दोन हजार डॉलरचा गुलाबी क्लीनर खपला, त्याच देशात ही काठीही खपते.

हे कसं जमतं? माझं मत सांगते. इथं मशीन विकत घेणारा आणि ते वापरणारा माणूस एकच असतो. मनगट त्याचंच दुखतं, वायर त्याच्याच पायात येते, शेजाऱ्यांचे बोलही त्यालाच ऐकावे लागतात. त्यामुळे तो दुकानात अर्धा तास मशीन हातात धरून, ढकलून, उचलून बघतो. कंपनीला त्याचं ऐकावंच लागतं. आपल्याकडे घेणारा वेगळा आणि वापरणारी वेगळी. पैसे साहेब देतात, नाहीतर परदेशातली लेक देते. केर काढतात मावशी. आणि मावशींना विचारतं कोण?

मी तरी कुठं विचारलं? आईकडे वीस वर्षं कामाला येणाऱ्या मावशींचे गुडघे गेले. खाली बसून फरशी पुसणं त्यांना जमेना. व्हिडिओ कॉलवर आई काही बोलायची नाही, पण एकदा फोन तिरका झाला आणि मला दिसलं, चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई वाकून केर भरत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी अकिहाबाराला जाऊन मी भारीतला बिनवायरचा क्लीनर घेतला. कुठल्या कंपनीचा ते सोडा, कारण दोष तिचा नव्हता.

घरी पोचल्यावर मोठ्या थाटात खोकं उघडलं. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळं कौतुक ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ताई, ह्यानं फरशी पुसता येती का?"

नाही येत. केर ओढतो, पुसत नाही. आणि मावशींचे गुडघे दुखत होते ते पुसताना.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. मोबाइलचे चार्जर दोन्हीकडे चालतात, म्हणून मी गृहीत धरलं. या चार्जरवर बारीक अक्षरात फक्त १०० लिहिलं होतं. भावानं प्लग लावला, फट् आवाज झाला, जळका वास आला. चौदा वर्षं जपानात काढलेल्या इंजिनियर बाईनं लेबल वाचलं नव्हतं.

कोणी म्हणेल, ताई, तुम्ही जुन्या भारतात आहात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आता रोबो फिरतात. फिरतात, मान्य. पण ते कधी वाढले ते आठवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं बंद झालं आणि साहेबांच्या हातात झाडू आला. काही महिने घेणारा आणि वापरणारा एक झाला, तेव्हा कुठं पुसणारं मशीन कोणतं, पलंगाखाली जाणारं कोणतं, हे प्रश्न घरोघर विचारले जाऊ लागले. म्हणजे अक्कल आपल्यालाही आहे. फक्त आपलं मनगट दुखावं लागतं.

म्हणून माझ्यासारख्या, बॅगेत तेवीस किलोचा हिशेब करत माहेरी वस्तू नेणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. आपल्याला तिथं नसण्याची बोच असते आणि ती आपण महागड्या वस्तूत गुंडाळून नेतो. कंपन्यांना ते पक्कं ठाऊक आहे. वस्तू घेण्याआधी एक फोन करा, आणि तो आईला नको, मावशींना करा. विचारा, कुठं दुखतं?

मी उशिरा का होईना, केला. मावशी म्हणाल्या, उभ्यानं पुसता येईल आणि हातानं पिळावं लागणार नाही असं काहीतरी बघा. ते टोकियोतून आणावं लागलंच नाही. भावानं मेन रोडवरून दांडीचा मॉप आणि पिळायची बादली आणली. मावशी आता उभ्यानं फरशी पुसतात आणि आई खुर्चीवर बसून कोपरे दाखवते.

माळ्यावर मात्र दोन मशीन आहेत. पुढच्या खेपेला योग्य चार्जर मिळाला, तर त्यातलं एक खाली उतरवीन. गाद्या आणि सोफ्यासाठी. पण आधी मावशींना विचारून.