इंजिन मालकाचं, किल्ली कंपनीची

नांदेड फाट्याकडून खडकवासल्याला येताना रस्त्याच्या कडेच्या एका गॅरेजसमोर गेला महिनाभर एक डंपर उभा होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डंपर माझ्या शाळेतल्या मित्राचा. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचलंत की कळेल.

गाडी बीएस-६. खडी आणि क्रश सँडची वाहतूक. उन्हाळ्यात पाणी संपलं, ड्रायव्हरच्या लक्षात आलं नाही, इंजिन सीज झालं. नवीन इंजिनाचा आकडा ऐकून मित्र गप्प बसला. मग त्याने त्याच मॉडेलच्या अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स रीतसर बिलाने घेतलं. आमच्या भागातले जुने मिस्त्री आहेत, तीस वर्षं ट्रकाखाली झोपून काम केलेला माणूस. त्यांनी चार दिवसांत सगळं बसवलं. चावी मारली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही.

मिस्त्री म्हणाले, "दादा, माझं काम संपलं. आता पान्याचं काम नाही, कॉम्प्युटरचं आहे."

हा कॉम्प्युटर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. जुन्या ट्रकात डिझेलचा पंप असायचा. इंजिन बदललं तर पंप, नोजल, टायमिंग जुळवलं की गाडी चालू. आता डिझेल किती, कधी आणि किती दाबाने सोडायचं ते ईसीयू नावाची एक पेटी ठरवते. त्या पेटीत गाडीचा चॅसी नंबर असतो. चावी ओळखणारं कुलूप तिच्याशी जोडलेलं असतं. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, तो तिच्यात भरावा लागतो, कारण दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत.

आता मित्राची अडचण बघा. स्वतःच्या गाडीची जुनी पेटी ठेवली, तर तिच्यात इंजेक्टरचे कोड जुन्या इंजिनाचे. गाडी चालू झाली तरी ठोके मारणार, पिकअप घेणार नाही. दुसऱ्या गाडीची पेटी इंजिनासोबत आणली, तर कोड बरोबर, पण चॅसी नंबर दुसऱ्याचा आणि कुलूप या गाडीच्या चावीला ओळखत नाही. मिस्त्रींनी दुसरा रस्ता धरला होता, म्हणून स्टार्टर फिरूनही इंजिन पकडेना. दोन्हीकडून वाट एकच: कोणीतरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने पेटीत शिरून नोंदी बदलायच्या.

गिअरबॉक्सचंही तेच. गिअरचं प्रमाण थोडं जरी वेगळं असलं तरी पेटीला ते सांगावं लागतं. नाहीतर तिचा वेगाचा हिशोब चुकू शकतो. डंपरला वेग-नियंत्रकाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. हिशोब चुकला तर गाडी चाळीसलाच अडकेल, किंवा सत्तरने पळेल आणि काटा साठ दाखवेल. सिंहगड रोडवर तो डंपर आपल्याच पोरांच्या स्कूटरमागे असतो.

मित्र अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेला. मी सोबत होतो. तिथल्या माणसाने इंजिन नंबर टाकला आणि सांगितलं, "हे इंजिन या चॅसीवर सिस्टीममध्ये दिसत नाही. आमच्याकडून इंजिन घेतलं असतं तर प्रोग्रॅम केलं असतं." फी द्यायला तयार आहोत म्हटलं. बिल दाखवलं. नाही म्हणजे नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातातही नव्हतं. "वरून परवानगी नाही," एवढंच म्हणाला.

हप्ता थांबत नाही. ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर गेला. तिसऱ्या आठवड्यात एकाने फोन नंबर दिला. लॅपटॉपवाला. बॅग घेऊन येतो, संध्याकाळच्या संध्याकाळी गाडी चालू करून देतो, पावती नाही. तो आला, गाडी पाहिली आणि म्हणाला, "करून देतो. आणि हवं तर युरियाची कटकट पण काढून टाकतो. ते फिल्टरही बंद करतो. परत कधी दिवा लागणार नाही."

या पोस्टचा मुद्दा इथे आहे.

बीएस-६ हा नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. आजच्या बहुतेक मोठ्या डिझेल ट्रकांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते द्रव धुरात फवारून विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी केले जातात. युरिया संपला किंवा भेसळीचा असला, तर पेटी आधी दिवा लावते, मग इंजिनाची ताकद कमी करते. हे बंद करणं म्हणजे बीएस-६ गाडीची नंबरप्लेट तीच ठेवून धूर वीस वर्षांपूर्वीचा सोडणं. आणि नायट्रोजन ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत. मागच्या स्कूटरवाल्याला कळतही नाही तो काय ओढतोय.

कंपन्या म्हणतात, पेटी उघडी केली तर प्रदूषणाच्या यंत्रणेशी छेडछाड होईल, चोरीची इंजिनं खपतील, अपघात होतील. मुद्दा खोटा नाही. मीही म्हणणार नाही की सगळं सॉफ्टवेअर रस्त्यावर मोकळं करा. धुराचे आकडे कुलपातच राहू देत. पण प्रत्यक्षात काय घडतंय ते बघा. ज्याच्याकडे बिल आहे आणि ज्याला सरळ काम करायचंय, त्याला दार बंद. ज्याला काही विचारायचंच नाही, त्याच्यासाठी लॅपटॉपवाला रात्री दारात. कुलूप चोराला अडवत नाही, मालकाला अडवतं. आणि मालकाला त्याच लॅपटॉपवाल्याकडे ढकलतं, जो धुराची यंत्रणा फुकटात बंद करून देतो.

ही तक्रार आजची नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि गाडी तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनं होती आणि शेतीची अवजारंही. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर कंपन्यांची माहिती दिसते. पण ट्रकाच्या पेटीची किल्ली नांदेड फाट्यापर्यंत पोचलेली नाही.

आणि एक गोष्ट. बीएस-६ आपण ज्या युरोपच्या नियमांवर बेतला, तिथला ट्रकांसाठीचा २००९ चा कायदा बघा. त्याच्या नावातच दोन गोष्टी आहेत: धुराची मर्यादा, आणि दुरुस्तीच्या माहितीवर सगळ्यांना हक्क. तिथे एकाच कागदावर दोन्ही आहेत. आपल्याकडे पहिली गोष्ट रस्त्यावर आली, दुसरी गॅरेजात आली नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच गाड्यांसाठी हा हक्क मतदानाने घेतला. कोलोरॅडोत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरसाठी असा कायदा २०२३ मध्ये झाला.

वाईट याचं वाटतं की हे पुण्यात घडतंय. टेकडीवर एआरएआय आहे, गाड्यांना मान्यता देणारी देशातली मोठी संस्था. पिंपरीत ट्रक बनतात, कोथरूडला डिझेल इंजिनं बनली. आणि याच शहराच्या हद्दीत, २०२१ पासून आपलं गावही महापालिकेतच आहे, तीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री एका पेटीसमोर हात बांधून उभा आहे.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

एक, भाग जुळवण्याचं काम, म्हणजे चॅसी नंबर, चावी, इंजेक्टर कोड, गिअरबॉक्स, एवढं तरी ठरलेल्या फीमध्ये करून द्यायला कंपन्यांना बांधील करा. बिल आणि आरसी दाखवली की नकार नको.

दोन, आयटीआय किंवा तत्सम प्रशिक्षण घेतलेल्या गॅरेजवाल्याला नोंदणी करून मर्यादित किल्ली द्या. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहू द्या. नोंद असेल तर चोरीचं इंजिनही पकडलं जाईल.

तीन, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय इंजिन बदललं, तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. हे बहुतेकांना माहीतच नाही. आरटीओने त्याच वेळी पेटी तपासावी, धुराची यंत्रणा चालू आहे का ते बघावं. आज पीयूसीचा कागद मिळतो, पेटी कोणी उघडून बघत नाही.

आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींना एवढंच विचारा, यातलं एक तरी करणार का?

शनिवारी मित्राचा डंपर चालू झाला. कसा, ते मी विचारलं नाही. पत्रकार असून विचारलं नाही, कारण उत्तर ऐकलं असतं तर लिहावं लागलं असतं, आणि लिहिलं असतं तर दंड त्यालाच झाला असता. दार बंद करणाऱ्याला नाही.

मंगळवारी चौपाटीजवळ तो डंपर माझ्या पुढून गेला. मित्राने हात केला, मीही केला. धूर अजिबात दिसत नव्हता.

गॅरेजवाले, ट्रक-टेम्पोवाले, ट्रॅक्टरवाले, तुमचा अनुभव खाली लिहा. नाव नको असेल तर मेसेज करा.