चाकाला थोडी माया हवी

ब्लाउज शिवायला टाकताना आपण शिंप्याला हमखास सांगतो, "आतून माया ठेवा हं." म्हणजे शिवणीच्या आत बोटभर कापड राखून ठेवायचं. उद्या अंगाने थोडं भरलं तर उसवून मोठं करता येतं. रेडिमेड ब्लाउज दिसायला झोकदार, फिटिंगही छान, पण आत उलटून बघा, माया नसते. दंडाला काचायला लागलं की तो कपाटाच्या तळाशी जातो.

आता मैत्रिणींनो, हे मी सांगतेय ते ब्लाउजसाठी नाही, सायकलच्या चाकासाठी. हसू नका. गेली दोन-तीन वर्षं आमच्या घरात जेवणाच्या ताटावर याच विषयाची चर्चा आहे, आणि सायकलचं पंक्चरसुद्धा आयुष्यात न काढलेली मी त्यात मत देण्याइतकी शहाणी झाले आहे.

झालं असं. आमच्या कन्येने २०२२ मध्ये पुण्यातून एक सेकंडहँड रोड बाईक आणली. रोड बाईक म्हणजे ती वाकड्या हँडलची, बारीक टायरची, एका हाताने उचलता येणारी सायकल. चाकं तर बघत राहावी अशी. काळी कुळकुळीत, आणि स्पोक अगदी मोजके. पुढे वीस, मागे चोवीस, तेही चपट्या पात्यासारखे. आमच्या लहानपणीच्या काळ्या सायकलला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस असायचे. मी म्हटलं, "अगं, अर्धेच दिलेत की गं!" ती म्हणाली, "आई, जेवढे कमी तेवढी हवा कमी अडते. कंपनीने विचार करून बनवलंय."

२०२३ च्या ऑगस्टमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना पाण्याने भरलेला एक खड्डा तिला दिसला नाही. ती पडली नाही, देवाची कृपा. पण मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला आणि चाक इतकं वेडंवाकडं झालं की ब्रेकला घासून फिरेनाच. संध्याकाळचे साडेसहा, पाऊस, धुकं आणि पोर एकटी. फोन लागला म्हणून बरं. शेजारच्यांचा टेम्पो घेऊन आम्ही पोचेपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. प्रत्येक आईला ते ठाऊक आहे.

एक स्पोक! आमच्या वेळी पाच रुपयांत बसायचा. पण हा साताऱ्यात कुठेच मिळेना. पुण्याच्या दुकानात विचारलं तर म्हणे, हा त्या कंपनीचा खास स्पोक आहे, दुसरा चालत नाही, बाहेरून मागवावा लागेल, तीन-चार आठवडे धरा. म्हणजे बाकीचे तेवीस धडधाकट, पण एकासाठी सायकल महिनाभर भिंतीला टेकून.

तेव्हा प्रश्न आला, नवीन चाकं घ्यायची तर कोणती? कंपनीतून तयार होऊन येणारी, की रिम, हब आणि स्पोक वेगवेगळे आणून कारागिराकडून बांधून घेतलेली? खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच निघत होता, आणि तो आमच्या घरासाठी थोडका नव्हता. ह्यांचं मत ठाम, "कंपनीचं घ्या, गॅरंटी असते." मी विचारलं, "गॅरंटीचं कार्ड घाटात काय कामाचं?" त्यावर उत्तर आलं नाही, पेपर मात्र उघडला गेला.

मग मी राजवाड्याकडून खाली उतरताना ज्यांचं जुनं दुकान लागतं त्या मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसले. वय सत्तरीकडे झुकलेलं. त्यांनी मला जे सांगितलं ते मी आर्ट्सवाली असूनही समजले, म्हणजे तुम्हालाही समजेल. चाकातले स्पोक खांबासारखे उभे नसतात, ते बाजेच्या सुंभासारखे ताणलेले असतात. बाज विणताना एक बाजू सैल राहिली की सगळी बाज झोळ खाते, तसंच चाकाचं. प्रत्येक स्पोक रिमला आपल्याकडे ओढत असतो, म्हणून रिम मधोमध राहते. बत्तीसातला एक तुटला तर उरलेले एकतीस सांभाळून घेतात. शेजारचे जरा सैल करायचे, ब्रेक थोडा उघडायचा आणि हळूहळू घर गाठायचं. चोवीसातला एक तुटला की शेजारी लांब पडतात, ओढ एकदम बिघडते आणि चाक 'आउट' होतं. बरं, तुटतो तो बहुतेक वेळा मागच्याच चाकाचा. वजन मागे जास्त, शिवाय उजवीकडे गिअरची चकती असल्यामुळे दोन्हीकडची ओढ सारखी ठेवता येत नाही. उजवे स्पोक कडक, डावे सैलसर.

"ताई, चाकाला माया पायजे," असं ते म्हणाले. शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

कन्येला पटवणं सोपं नव्हतं. तिला भीती होती की जास्त स्पोकचं चाक जड होईल. मग आम्ही हिशोबच मांडला. एक स्पोक त्याच्या टोकाच्या पितळी नटासकट साधारण सात ग्रॅमचा. पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस घेतले तर जुन्यापेक्षा सोळा जास्त, म्हणजे शंभराच्या थोडं वर ग्रॅम. एक केळं! आणि तिचं स्वप्न काय, तर 'ब्रेव्हे'. या फ्रान्समधून आलेल्या लांब पल्ल्याच्या राइड असतात. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचायचं एवढंच. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस. दोनशेला साडेतेरा म्हणजे ताशी पंधराच्या आतच की! त्यात चहा, जेवण, पंक्चर सगळं आलं. वर नियम असा की ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत आपल्या माणसांच्या गाडीची मदत घ्यायची नाही. अशा राइडला हवा कापणारं चाक हवं, की रात्री अकरा वाजता मधेच दगा न देणारं? हा प्रश्न मी तिला विचारला तेव्हा ती गप्प झाली. दोन दिवसांनी स्वतःच फूटपट्टी घेऊन हब मोजायला बसली.

कारण बांधून घ्यायचं म्हणजे मोजमाप आलं. हबला जितकी भोकं तितकीच रिमला हवीत. स्पोकची लांबी दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी फुकट जाते. शिवाय मागच्या चाकात डावे-उजवे स्पोक वेगवेगळ्या लांबीचे. शाळेत शिकलेलं साइन-कोसाइन एवढ्या उपयोगाला येतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. स्पोक बेल्जियमच्या सापिम कंपनीचे घेतले, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. मुद्दाम साधे, गोल, वाकड्या मानेचे. असे साधे स्पोक एका कंपनीचे नाही मिळाले तर दुसऱ्या कंपनीचे, त्याच लांबीचे चालतात.

इथपर्यंत सगळं गोड. पण बांधून आणलेलं पहिलं चाक दीडशे किलोमीटरनंतर डुलायला लागलं, हेही सांगितलं पाहिजे. ह्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून आठवतं! मिस्त्रीकाका अवघडले. "माझा हात लोखंडी रिमवर बसलेला. ही ॲल्युमिनियमची, हलकी. आवळायला भ्यालो." कन्येने कुणा सायकलवाल्या मित्राकडून ताण मोजायचं यंत्र आणलं. काका नखाने एकेक स्पोक छेडून आवाज ऐकत होते, ही यंत्राने मोजत होती. गंमत म्हणजे काकांचं कानाचं गणित बरोबर होतं, एका बाजूचे सगळे स्पोक एका सुरात. फक्त अख्खा सूरच खाली लागला होता. मग प्रत्येकाला अर्धा-अर्धा आटा देत वर नेला. शेवटी काकांनी दोन-दोन स्पोक मुठीत धरून करकचून दाबले. कन्या चकित झाली. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९८१ मध्ये चाकावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात ही युक्ती आहे म्हणे. असं दाबल्याने स्पोक आपल्या जागी नीट बसतो आणि मानेत मोडत नाही. काकांनी ते पुस्तक पाहिलेलंसुद्धा नाही. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले.

मजुरी किती, तर दोन चाकांचे सहाशे रुपये. दोन दिवसांचं काम! आपण पार्लरमध्ये हजार रुपये देताना तोंडातून शब्द काढत नाही आणि अशा माणसाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. मी पंधराशे दिले तर ते घ्यायला तयार नव्हते.

कुणी म्हणेल, ही हौसेच्या सायकलींची गोष्ट, आपल्याला काय? मला यात दुसरंच काही दिसत होतं. २०१८ मध्ये आमच्या महिला मंडळाने देणग्या गोळा करून खेड्यांतल्या बावीस शाळकरी मुलींना सायकली दिल्या. फोटो काढले, नारळ फोडले. वर्षाने फिरून बघितलं तर नऊ सायकली गोठ्यात नाहीतर जिन्याखाली. त्यातल्या पाचांचं दुखणं एकच, मागचं चाक आउट, स्पोक सैल. एक मुलगी तर चार किलोमीटर चालणं नको म्हणून घरीच बसायला लागली होती आणि घरातल्यांना ते सोयीचंच वाटत होतं. तेव्हाही याच काकांनी सांगितलं होतं, स्वस्तातल्या सायकलीचं चाक यंत्रावर भराभर भरलेलं असतं, ओढ कमी असते, महिनाभर चालवल्यावर एकदा आवळून घ्यावंच लागतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आम्हाला ना दुकानदाराने सांगितलं, ना आम्ही विचारलं. आता सायकल देताना आम्ही स्पोकची चावी सोबत देतो आणि महिन्याने काकांना घेऊन शाळेत जातो. आठवीतल्या मुली चाक उलटं ठेवून आउट काढायला दहा मिनिटांत शिकतात. मी स्वतः अजून शिकले नाही, ते सोडा.

म्हणून माझं मत कंपनीविरुद्ध कारागीर असं सरळ नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांना, ज्यांच्या मागून गाडीत दुसरं चाक येतं, त्यांना ते मोजक्या स्पोकचं चाक फायद्याचंच आहे. कंपनीची सगळीच चाकं मोजक्या स्पोकची असतात असंही नाही. साध्या बत्तीस स्पोकचं, नीट आवळलेलं तयार चाक मिळत असेल तर खुशाल घ्या, बांधून घ्यायचा खटाटोप करू नका. आणि कारागिराचा हात बसलेला नसेल तर बांधून घेतलेलं चाकही रडवतं, ते आम्ही अनुभवलं. पण लेकीसाठी सायकल घेताना दुकानदाराला रंग आणि गिअर विचारायच्या आधी एवढं विचारा, याचा स्पोक आमच्या गावात मिळेल का? तो म्हणाला, "मागवून देऊ," तर पुढच्या दुकानात जा. महिनाभर सायकल बंद म्हणजे मुलीचं महिनाभर बाहेर पडणं बंद. मग "कशाला हवीय ती सायकल" हे वाक्य घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडेही म्हटलं गेलं होतं. कुणी, ते विचारू नका.

२०२४ च्या जानेवारीत तिने पहिली दोनशेची राइड वेळेत, पाऊण तास हातात राखून पूर्ण केली. त्याच वर्षी तीनशेचीही झाली. तेव्हापासून आजवर एकही स्पोक तुटलेला नाही. मध्ये एकदा चाक थोडं डुलत होतं, ते तिने ओसरीत बसून माझी कणीक मळून होईपर्यंत नीट केलं.

कंपनीचा तो खास स्पोक पाचव्या आठवड्यात पार्सलने आला. काकांनी बसवून दिला. ते काळं चाक आता माळ्यावर, जुन्या पाटावरवंट्याशेजारी आहे. खूप हलकं आहे हो, एका बोटावर उचलतं.